थोड्या सालींची वाइन

काखेती प्रांतात द्राक्षाचा वेल कुणी झाडावर चढवत नाही. इथे वेल रांगेत उभे असतात, कमरेएवढे, खांबांना बांधलेले, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेतल्या मुलांसारखे. आमच्या अंगणातला एकच वेल तुतीच्या झाडावर चढून बसला आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी गल्लीतल्यांचं त्यावरून हसणं संपलेलं नाही.

"जावईबापू," माझा मेहुणा शाल्वा दर ऑक्टोबरात फाटकातून आत येता येता विचारतो, "द्राक्षं उतरवायला यंदा शिडी आणू की माकड?"

मी हसतो. उत्तर मला सुचतं, पण ते साधारण दुसऱ्या दिवशी.

वेल मी लग्नाच्या वर्षी आणला. रिकोतीच्या घाटापलीकडून, माझ्या इमेरेतीतल्या गावाहून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. लावला मात्र माक्वालानं, माझ्या बायकोनं. माझ्या हातचं काही जगत नाही. तेलावीच्या वाचनालयात मी जन्मभर पुस्तकं लावली, तेवढीच काय ती लावल्या जागी राहिली.

घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे वाइन वेगळी असते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. काखेतीत द्राक्षं तुडवली की रस, साली, बिया, देठं, सगळंच्या सगळं जमिनीत पुरलेल्या रांजणात जातं. त्या चोथ्याला इथे रसाची आई म्हणतात. वर दगडी झाकण, त्यावर ओली माती, आणि वसंतापर्यंत रस आईपाशी झोपलेला. उघडतात तेव्हा रंग कडक चहाचा असतो आणि घोट घेतला की जीभ कोरडी पडते. आमच्याकडे, म्हणजे इमेरेतीत, देठं घालत नाहीत आणि सालीही थोड्याच. रंग वाळल्या गवताचा, चव हलकी, आंबटसर. दुपारी जेवताना दोन पेले घेऊन माणूस पुन्हा कुदळ उचलू शकतो. 'आमच्याकडे' हा शब्द लिहिताना मी अजूनही अडखळतो. चाळीसहून जास्त वर्षं काखेतीचं मीठ खाल्लं, तेव्हा आमच्याकडे म्हणजे नक्की कुठे, हे मला ठरवता आलेलं नाही.

शाल्वाला असली अडचण नाही. "तुमची वाइन म्हणजे द्राक्षानं पाण्याला लांबून केलेला नमस्कार," असं तो म्हणतो. याला कारण आहे. आमच्या लग्नात माझी बहीण लामारा हिनं शाल्वाच्या वडिलांच्या रांजणातल्या वाइनचा एक घोट घेतला आणि भर पंगतीत अगदी गोड आवाजात विचारलं, "ही प्यायची की चावायची?" सगळे हसले, सासरेही हसले. शाल्वा तेवढा हसला नाही.

परवाच्या उन्हाळ्यात या लामाराताईचा फोन आला. ती आमच्या वडिलांच्या घरात एकटी राहायची. तिची मुलगी कैक वर्षं ग्रीसमध्ये, थेस्सालोनिकीला, लोकांच्या म्हाताऱ्या आयांना सांभाळते. आता तिनं स्वतःच्या आईला न्यायचं ठरवलं होतं.

"ईस्टरला तुझ्याकडे येते," ताई म्हणाली, "आणि तिथूनच विमानाला."

"परत कधी?"

"बाळा, मी काय शेळी आहे, चरून संध्याकाळी परत यायला?"

मग तीच इकडचं तिकडचं बोलत राहिली. जाता जाता म्हणाली की रांजण केव्हाचे कोरडे आहेत, वेलावर चढणारं कुणी उरलं नाही, शेजारी दुकानातली बाटली आणतात. "आपली वाइन शेवटची कधी प्याले, तेही आठवत नाही बघ." तक्रार म्हणून नव्हे, आज पाऊस नाही म्हणावं तसं म्हणाली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमची आई गेली तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं, आणि ताई शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती. वडिलांचा एक पाय अधू. दर शरदात मोठा रांजण धुवायचा तर आत उतरायला तीच. मी तोंडाशी पालथा पडून आत बघायचो. आत काही दिसायचं नाही. चेरीच्या सालीच्या कुंच्याचा खर्र खर्र आवाज यायचा, आणि तिचं गाणं. ती गात असेपर्यंत ती आत होती. आई गेली तशी ही गेलेली नव्हती. पुढे शाळा तिची सुटली, माझी नाही. माझ्या वाटणीची बकऱ्यांची, लाकडांची कामं ती करायची आणि मला दिव्याजवळ बसवायची. मी शिकलो, तिबिलिसीला गेलो, पुस्तकांत रमलो, इकडे जावई झालो. या सगळ्याबद्दल मी तिला एका शब्दानं कधी काही म्हणालो नाही.

म्हणता येत नाही मला. आमच्या पंगतीत एक म्होरक्या असतो, तामादा. तो पेला उचलून बोलतो, कधी पाहुण्यांसाठी, कधी गेलेल्यांसाठी, आणि मग बोलण्याची पाळी एकेकाकडे सोपवतो. माझ्याकडे आली की मी उठतो, "मीही तेच म्हणतो," असं म्हणतो, पितो आणि बसतो. आता लोक माझ्या आधीच पेले उचलतात.

म्हणून ताईचा फोन ठेवल्यावर मनात आलं की मला जे बोलता येत नाही ते वाइननं बोलावं. झाडावरच्या वेलाची, अंगणात पुरलेल्या रांजणातली, थोड्या सालींची वाइन. एकदा तिच्या पेल्यात ओतली की झालं. पुन्हा संधी नव्हती.

"तू?" माक्वाला म्हणाली. "तुला चहात साखर किती घालायची ते मला विचारावं लागतं."

"म्हणून तर तुला सांगतोय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, ताईसाठी ना, एवढंच विचारलं, आणि ऑक्टोबर संपता संपता स्वतः शिडी लावून वर चढली.

रांजण शाल्वानं दिला, त्याच्या परसात पडलेला, लहानसा. "कोंबड्यांना पाणी ठेवायला न्यायचा असेल तर ने," म्हणाला. अंगणात पुरायचा आहे म्हटल्यावर त्याला नवीनच खाद्य मिळालं. काखेतीत रांजण छपराखाली असतात, रांजणघरात. आभाळाखाली पुरतात ते इमेरेतीत.

"अंगणात? म्हणजे कोंबड्या प्यायल्या तर अंडी उकडायलाच नकोत."

एवढं बोलून खड्डा मात्र त्यानंच खणला. त्याचा गुडघा तेव्हा सुजलेला होता. मी फावडं घ्यायला गेलो की तो म्हणे, "तू बाजूला हो, माझ्या पायावर मारशील." रांजण आत उतरवून, भोवती माती चोपून, दर चार फावड्यांनी एक टोमणा मारत त्यानं काम संपवलं. हे कशासाठी चाललंय हे मी त्याला सांगणार होतो. पण तो खणत होता, आणि खणणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून आपली गोष्ट सांगणं मला बरं वाटलं नाही. नंतर राहूनच गेलं.

साली किती घालायच्या हे मला माहीत नव्हतं. ताईला फोन केला, आणि हा रांजण कशासाठी आहे ते न सांगता विचारलं.

"बाबा मोजायचे कुठे?" ती म्हणाली. "हात कोपरापर्यंत बुडवून फिरवायचे. साल बोटांना लागली पाहिजे, पण हात अडला नाही पाहिजे. का रे?"

"असंच. वाचत होतो."

"वाचत होता म्हणे."

माक्वालानं आणि मी लाकडी डोणीत द्राक्षं तुडवली. रस रांजणात ओतला. मी बाही वर करून एकेक ओंजळ साली घालत हात फिरवत राहिलो. लागतात की नाही, अडतात की नाही, दोन्हींची मला शंका. शेवटी माक्वाला म्हणाली, "आता पुरे, नाहीतर हातच मुरेल." उरलेला चोथा, देठांसकट, एका पिंपात घालून गोणपाटानं झाकून ठेवला. पुढे त्याची चाचा, म्हणजे कडक दारू, गाळायची होती. रात्री झाकणाला कान लावला तर आत बारीक चुर्रचुर्र चाललं होतं. झोपेपर्यंत मी दोनदा उठलो.

दुसऱ्याच दिवशी मला तेलावीला जावं लागलं. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आधीपासून ठरलेली होती आणि माक्वालाला मला एकट्याला पाठवायचा धीर नव्हता. दोन दिवस तिथे आमच्या मुलीकडे राहायचं होतं. कोंबड्यांना दाणे घालायला शाल्वाला सांगून आम्ही गेलो.

परत आलो तेव्हा तो तुतीखाली स्टुलावर बसला होता. हातात लांब काठी, दुखरा पाय पुढे सोडलेला, कोटाची कॉलर वर. माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती, पण दुसऱ्यानं दिसलं तेवढं पुरे होतं. पिंप पालथं पडलं होतं.

"आलात?" तो म्हणाला. "देवाची कृपा समजा मी कोंबड्यांकडे आलो. सहज झाकण उचलून बघतो तर आत नुसता रस. जावईबापू, अहो, पोराला आईविना टाकून गेलात? आणि आई इथे पिंपात, गोणपाट पांघरून." त्यानं काठी रांजणात घालून वर आलेला चोथ्याचा थर खाली दाबला. "सगळं घातलं. देठंबिठं, काही ठेवलं नाही. परवापासून सकाळ दुपार संध्याकाळ येऊन ढवळतोय. काल तर दोनदा जास्त आलो. आता बघ कशी उकळतेय."

उकळत होती खरी. वर जाड, तपकिरी थर आला होता, आणि तो काठी काढी तसतसे त्यातून बुडबुडे येत होते.

"वा," मी म्हणालो.

माक्वालानं माझ्याकडे पाहिलं. शाल्वा स्टुलावरून उठला, उठताना गुडघ्याला हात लावून थोडा थांबला, आणि उद्या सकाळी येतो म्हणून लंगडत गेला.

"वा?" फाटक लागल्यावर माक्वाला म्हणाली. "वा म्हणालास तू त्याला?"

"दोन दिवस येत होता ग तो. त्या पायानं."

"मग?"

"मग काय सांगू? तुझं सगळं चुकलं म्हणून?"

"अजून साली वर तरंगतायत. आज काढल्या तर निघतील. पुढच्या आठवड्यात ती दादाची वाइन झालेली असेल, आणि तुझी बहीण ती चावत विमानात बसेल." ती आत गेली आणि दारातूनच म्हणाली, "मी सांगणार नाही. तो माझा भाऊ आहे, पण ती तुझी बहीण आहे."

मी अंगणात उभा राहिलो. गुपचूप काढून टाकाव्यात असं आलं मनात. पण सकाळी तो ढवळायला येणार. काठी आत घातली की त्याला कळणार, आणि मग न सांगता काढल्या हे आणखी वाईट. माझ्या लग्नानंतर या घराच्या छपरावर जे जे चढलं, कौलं काय, टाकी काय, ते शाल्वानं चढवलं. मुलीला रात्रीचा ताप आला तेव्हा गाडी त्यानं काढली. मला तो जन्मभर जावईबापू म्हणून चिडवत आला, पण माझ्याविषयी दुसऱ्या कुणाला वाकडं बोलू दिलेलं मला आठवत नाही. आणि पलीकडे ताई. दोघांपैकी कुणाचंच ऋण मला एका वाक्यात मांडता येत नव्हतं, आणि आता तर एक वाक्य बोलायलाच हवं होतं.

त्याच्या घरापर्यंत जाईतो मी ते तीन तऱ्हांनी जुळवलं. तो रांजणघरात होता, झाकणांवरची माती ओली करत.

"बस. चीज खा. माक्वालानं उपाशी पाठवलंय का तुला?"

"शाल्वा," मी म्हणालो, "मला ती आई बाहेर काढायची आहे."

जुळवलेल्या तीनपैकी हे एकही नव्हतं.

त्यानं हात मातीतून काढले. "कुठली आई?"

"रांजणातली. साली. मी विसरलो नव्हतो. मुद्दामच थोड्या घातल्या होत्या. ताई ईस्टरला येणार आहे आणि तिथूनच ग्रीसला जाणार आहे, कायमची. तिला आमच्याकडची वाइन द्यायची होती. एकदाच."

शाल्वा बोलत नाही ही मला अनोळखी गोष्ट होती. कुठे बघावं कळेना, म्हणून मी त्याच्या बुटांकडे बघत राहिलो.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू खणत होतास."

"खणताना मला कान नसतात?" तो कपड्याला हात पुसत राहिला, कितीतरी वेळ. "या इतक्या वर्षांत तू माझ्याकडे आपणहून कधी काही मागितलं नाहीस. मला वाटायचं, आम्ही दिलेलं तुला गोड लागत नाही. आणि आज मागितलंस ते काय, तर मी केलेलं काम उलटं कर."

"गोड लागायचं," मी म्हणालो. "सगळंच."

त्यानं कपडा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या बहिणीनं माझ्या बापाची वाइन चावली होती."

"हो."

"तिला पुन्हा चावायला लागू नये, असं ना."

"हो."

"मग बसलास काय? साली तुझ्यासाठी थांबणार आहेत?" त्यानं भिंतीवरचं लांब दांड्याचं ओगराळं काढलं, बायकोला हाक मारून दोन गाळण्या मागितल्या, आणि माझ्या आधी फाटकाबाहेर पडला.

दिवस मावळेपर्यंत तो रांजणावर वाकून होता. ओगराळं भरून वर काढायचा, गाळणीवर ओतायचा, रस परत आत, साली पिंपात. देठ दिसलं की बोटांनी उचलायचा. मी गाळणी धरायचो, माक्वाला पिंप. सगळा वेळ तो पुटपुटत होता की याला लोक वाइन म्हणतात, आजाऱ्याला द्यायची पेज आहे ही, माझा बाप वरून बघत असेल तर मला आत घेणार नाही. शेवटी त्यानं स्वतःच बाही वर केली.

"किती ठेवायच्या?"

"बोटांना लागल्या पाहिजेत, पण हात अडला नाही पाहिजे."

त्यानं हात कोपरापर्यंत घातला आणि फिरवला, डोळे मिटून. "लागतायत," म्हणाला. "अडत नाही." मग हात बाहेर काढून बघितला. "बिया मात्र तळाला गेल्या. त्या कोण काढणार. आणि दोन दिवसांचा रंग उतरलाय, तो काढता येत नाही, वारलाम." मला तो नावानं क्वचितच हाक मारतो.

हिवाळाभर मी त्या झाकणाच्या मातीवरचा बर्फ झाडत होतो. त्यानं आत काही फरक पडत नाही हे मला ठाऊक होतं.

ताई ईस्टरच्या आदल्या दिवशी आली. एक सुटकेस ग्रीसची, आणि एक पिशवी आमची. पिशवीत मक्याचं पीठ, चीज आणि वाळवलेले मसाले. ती आधीपेक्षा अंगानं खूप लहान झालेली दिसली. मला जवळ घेऊन "तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते," असं म्हणाली, मग चष्म्याच्या काचा मळक्या आहेत म्हणून रागावली, आणि मग तिला तुतीवरचा वेल दिसला. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. बुंध्याला हात लावला. खाली मातीचा लिंपलेला गोल दिसला तेव्हा माझ्याकडे वळली.

"वाचत होतास काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे कबरींवर लाल अंडी ठेवून आम्ही घरी आलो. तुतीखाली टेबल मांडलेलं होतं. शाल्वानं माती फोडली, दगड सरकवला, आणि पहिला पेला भरून उजेडात धरला. रंग गवताचा नव्हता. चहाचाही नव्हता. मधाच्या जवळचा होता. मला तिथेच कळलं. त्यानं पेला दोन्ही हातांनी ताईपुढे धरला.

ताईनं वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. टेबलाभोवती सगळे थांबले होते. शाल्वाची बायको भाकरीचा तुकडा मोडता मोडता तशीच राहिली.

"ही आपली नाही," ताई म्हणाली.

मी खाली बघितलं.

"चूक माझी आहे, लामाराताई," शाल्वा म्हणाला. तो टोपी काढून उभा होता. "यानं तुमच्या पद्धतीनंच केली होती. हा गावाला गेला आणि मी शहाणपणा करून सगळा चोथा आत घातला. आमच्याकडे तसा रस उघडा सोडत नाहीत, म्हणून. दोन दिवस राहिला. मग काढला आम्ही. एकेक साल काढली."

"एकेक?"

"गाळणीनं. तुमच्या भावाला विचारा."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं आणखी एक घोट घेतला, या वेळी मोठा. "बाबांची वाइन कशी होती, आठवते का रे तुला?" तिनं मला विचारलं.

"हलकी. आंबटसर."

"जून लागला की इतकी आंबट व्हायची की काकडीच्या कोशिंबिरीत घालायचो आपण. एखाद्या वर्षी चांगली निघायची, त्या वर्षाची सगळे आठवण काढायचे." तिनं पेला पुढे केला. "ही टिकेल. ओत, शाल्वा. हिला थोडंच चावावं लागतं."

शाल्वा हसला. त्या लग्नातलं हसणं बहुतेक त्यानं तेव्हा हसून घेतलं.

मग पंगत सुरू झाली. तामादा अर्थात तोच. देवासाठी, ईस्टरसाठी, गेलेल्यांसाठी. तेव्हा आम्ही भाकरीवर वाइनचे थेंब सोडले. मग तो आईबापांवर बोलला, आणि ज्यांनी आईबाप नसताना आईबाप होऊन दाखवलं त्यांच्यावर, आणि पेला माझ्याकडे वळवून म्हणाला, "आता जावईबापू." लोकांनी सवयीनं पेले उचलले.

मी उठलो. 'मीही तेच म्हणतो' तोंडाशी आलं होतं. पण वाइननं माझ्यासाठी जे बोलायचं होतं ते ती अर्धंच बोलली होती, आणि उरलेलं अर्धं बोलायला दुसरं कुणी नव्हतं. परवा सकाळी तिचं विमान होतं.

"ताई," मी म्हणालो, "तू रांजणात उतरायचीस तेव्हा गात होतीस. ते माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळायचं. मी आयुष्यात जेवढं वाचलं तेवढं सगळं तू लाकडं फोडत होतीस म्हणून वाचलं. हे मला फार आधी सांगायला हवं होतं, पण माझं असंच." आवाज नीट येत होता की नाही कोण जाणे. "आणि शाल्वा, तू साली घातल्यास आणि तूच काढल्यास. दोन्हींबद्दल." पुढे आणखी काहीतरी होतं, ते हरवलं. मी पेला संपवला आणि बसलो.

माक्वालानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"तुझ्यासाठी गात होते म्हणे," ताई म्हणाली. रुमालाचं टोक तिनं डोळ्याला लावलं होतं. "अरे, भीती वाटायची मला. आत काळाकुट्ट अंधार, श्वास कोंडायचा. तू वर तोंडाशी पडलेला असायचास, तेवढा उजेड तू अडवायचास, पण तू होतास. तू नसतास तर मी उतरलेच नसते."

"म्हणजे दोघंही घाबरट," शाल्वा म्हणाला, आणि पेले भरायला उठला.

रांजण लहान होता. उघडल्यावर ठेवून चालत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेली वाइन बाटल्यांत भरली. दोन बाटल्या ताईनं कपड्यांत गुंडाळून ग्रीसच्या सुटकेसमध्ये घातल्या. एक मुलीसाठी, एक, म्हणाली, तिकडे कुणी विचारलं की तुमची वाइन कशी असते, तर दाखवायला. ती नेमकी कुठली म्हणून दाखवणार, हे मी विचारलं नाही.

रिकामा रांजण लगेच धुवायला लागतो. मी लांब दांड्याचा, चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन बसलो. ताईनं शाल्वाचं स्टूल ओढून घेतलं आणि तोंडाशी बसली, हात मांडीवर.

"कडेनं घास. नुसता मध्ये फिरवू नकोस."

मी कडेनं घासायला लागलो. खर्र खर्र आवाज येऊ लागला. थोड्या वेळानं ती गुणगुणायला लागली, तेच गाणं, मधले शब्द विसरून. मी घासत राहिलो. पाणी उपसून बाहेर टाकलं, पुन्हा ओतलं, पुन्हा घासलं. ती मध्येच थांबली, पुढे वाकून आत बघितलं.

"तळाला अजून आहे," म्हणाली, आणि पुन्हा गायला लागली.